तेवीस नंबरची ओ

रोज सकाळी साडेआठ वाजता बाई खुर्चीत बसत, चष्मा पुसत आणि तेवीस मशीनांना हाका मारत. हाका तोंडाने नव्हे, कीबोर्डाने. नद्यांचं आणि तलावांचं पाणी मोजणारी तेवीस केंद्रं लांब लांब पसरलेली होती. प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर होता, आणि तो जागेवर आहे की नाही एवढंच विचारायचं काम बाईंकडे होतं. पाणी किती, हवा कशी, कुणाचं काही दुखतंखुपतं का, यातलं काहीही विचारायचं नाही. आहेस का? आहे. संपलं. एवढ्याशा प्रश्नावर पगार घेणारी माणसं जगात थोडीच असतील, आणि बाईंना त्याचा अभिमान होता.

पद्धत ठरलेली होती. एकेका मशीनला चार हाका. मशीन शुद्धीवर असेल तर ते ओ देई, आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा पडद्यावर उमटे, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. एक जरी ओ आली तरी रजिस्टरात निळ्या शाईने ‘चालू’. चारही हाका वाया गेल्या तर लाल शाईने ‘ओ नाही’. पुढे सही. प्रत्येक नोंदीपुढे वेगळी सही, कारण सगळ्यांना मिळून एक कंस काढून सही ठोकण्याचा प्रकार आधीच्या साहेबांनी बंद केला होता. नवे साहेब आले, पंखे बदलले, पण हा नियम राहिला. महिनाअखेरीला शिपाई त्याच नोंदींच्या उताऱ्यांचा गठ्ठा आणून ठेवी, बाई त्यावरही सह्या करत. तो गठ्ठा पुढे कुठे जातो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सगळं ऑफिस त्यांना हाकवाल्या बाई म्हणे.

बावीस केंद्रांचं सगळं रडतखडत चाले. सात नंबर पाऊस आला की गप्प बसे. बारा नंबरला दोन हाका वाया घालवल्याशिवाय जाग येत नसे. अगदी शेजारच्या चौकातला एक नंबरसुद्धा पाच-सहा हजारांश सेकंद घेई. पण तेवीस! तेवीस सगळ्यांत लांब. दोन दिवसांचा प्रवास, त्यातला शेवटचा अर्धा दिवस पायी. डोंगरमाथ्यावर एक तलाव, तलावाकाठी एक खोली आणि खोलीवर आभाळाकडे तोंड केलेली तबकडी. हाक आभाळात जायची, तिथून खाली यायची, ओ पुन्हा त्याच वाटेने. आणि तरी चारही हाकांना ओ, तीही एका हजारांशाच्या आत. दोन वर्षांत एकदाही चूक नाही. साहेब आल्यागेल्याला बाईंच्या टेबलाशी आणून दाखवत. “सगळ्यांत लांबचं आणि सगळ्यांत गुणी,” ते म्हणत. शेजारच्या चौकातून यायला सहा आणि डोंगरावरून यायला एकही नाही, हे कसं, असं कुणी विचारलं नाही. वाईट गोष्टीचं कारण विचारतात, चांगल्या गोष्टीचं विचारायची ऑफिसात पद्धत नसते.

तेवीसवरचा रखवालदार बाईंचा थोरला भाऊ होता. सख्खा.

तिथे फोन लागत नसे. पत्रं चालायची, आठवड्यातून एकदा टपाल. पूर्वी दादा महिन्याला एक पत्र घरी लिही. पावसाची हकिकत, पायाला आलेला फोड, आईच्या गुडघ्याची चौकशी. ऑफिसचं मात्र अक्षर नाही. घरच्या पत्रात कचेरी आणायची नाही हा त्याचा कडक नियम. दोन वर्षांपूर्वी ही पत्रं एकाएकी बंद झाली. बाईंनी तीन लिहिली, चौथं रागाने लिहिलं, पाचवं लिहिलं नाही. रजेवरही तो आला नाही, आणि त्याचं कारण साधं होतं. दुरुस्तीला माणूस गेला की त्याच्यावर मशीन सोपवून रखवालदाराने घरी यायचं, अशी रीत होती. तेवीस कधी बिघडलंच नाही.

संध्याकाळी बाई तीन जिने चढून घरात आल्या की आई विचारी, “दादाने ओ दिली का गं?”

“दिली.”

“चारही?”

“चारही.”

मशीन वेगळं आणि दादा वेगळा हे बाईंना कळत होतं. आईलाही कळत असावं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला पत्र न लिहिणाऱ्या मुलाचं काहीतरी हवं असतं, आणि जे होतं ते हे होतं. आई मान हलवी आणि दिव्याचं बटण दाबी. ओ आल्याचं ऐकल्याशिवाय ती दिवा लावत नसे.

आणि मग एका सोमवारी वरून कागद आला. तेवीस क्रमांकाचं मशीन दोन वर्षं एकाही तक्रारीवाचून अखंड चालू आहे, सबब त्याला रखवालदाराची गरज नाही, सबब पहिल्या तारखेपासून ते पद रद्द. दादा बावन्न वर्षांचा. आयुष्यात पाण्याची पट्टी वाचण्याखेरीज दुसरं काही केलेलं नाही. त्या वयात आणि त्या डोंगरावरून उतरलेल्या माणसाला नोकरी कोण देणार? कागदाच्या खाली बाईंच्या ऑफिसचं अभिनंदनही होतं.

“तुमच्या नोंदींमुळेच झालं हे सगळं,” साहेब खुशीत म्हणाले. “उत्तर तुम्हीच लिहा. पत्रव्यवहाराची फाइल मागवून घ्या, आकडे बिनचूक हवेत.” रखवालदार कोण लागतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि बाईंनी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? भाऊ इतकं चांगलं काम करतो म्हणून त्याला काढू नका?

फाइल पत्रवाल्यांच्या खोलीत होती. पत्रवाले म्हणजे ऑफिसात आलेला प्रत्येक कागद उघडणारे, शिक्का मारणारे आणि पुन्हा मिटणारे गृहस्थ. त्यांनी फाइल काढून दिली. ती बाईंना वाटली होती त्यापेक्षा जाड निघाली. आत अकरा पत्रं होती, सगळी दादाच्या तिरप्या अक्षरातली.

पहिलं दोन वर्षांपूर्वीचं. ‘विषय: मशीन बंद असल्याबाबत. वादळात तबकडी वाकडी झाली असून मशीन बाहेर बोलत नाही. माणूस पाठवावा.’ त्याला ऑफिसचं उत्तर टाचलेलं होतं: ‘आपले मशीन चालू आहे. सोबत नोंदींचा उतारा.’ उताऱ्यावर बाईंची सही, स्वच्छ, निळी.

चौथं: ‘आता मशीनचा दिवाही लागत नाही. वीज आहे, कारण किटली तापते.’ उत्तर: ‘मशीन चालू आहे.’ उतारा, सही.

सातवं: ‘मशीनमध्ये मुंग्यांनी घर केले आहे.’ उत्तर: ‘मुंग्यांमुळे कामात अडथळा आल्याचे नोंदींवरून दिसत नाही.’ उतारा, सही.

नववा रजेचा अर्ज होता. आईची तब्येत हे कारण. उत्तर: ‘मशीन चालू असल्याने दुरुस्तीस माणूस पाठवता येत नाही, सबब रजा नाही.’ उतारा, सही.

अकरावं सात महिन्यांपूर्वीचं. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं.

‘माझे म्हणणे असे की मशीन बंद आहे. रजिस्टरचे म्हणणे असे की चालू आहे. रजिस्टरवर सही तपासनीस बाईंची आहे. त्या माझ्या धाकट्या भगिनी असून त्यांनी कधी खोटे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. तरी यापुढे मी याबाबत कळवणार नाही. मशीन बंद आहे.’

त्याखाली उत्तर नव्हतं. मागणी नसल्याने उत्तर देय नाही, असा शेरा होता.

“ही पत्रं मला का नाही दाखवलीत?” बाईंनी विचारलं.

“कशी दाखवणार?” पत्रवाले म्हणाले. “तुमच्या नोंदीविरुद्धची तक्रार तुम्हालाच दाखवायची? ते नियमात बसत नाही. मी उतारे पाहत होतो ना. उतारे चोख होते.”

बाईंना रडू आलं. ऑफिसात रडायची जागा म्हणजे जुन्या पंख्यांच्या ढिगामागची, पण तिथे आधीच एक टंकलेखक बसला होता, म्हणून त्या तशाच टेबलाशी परत आल्या. हातात फाइल. दोन वर्षं त्यांना वाटत होतं की दादा रुसला. आणि दादाला दोन वर्षं दर पत्राला एक सही मिळत होती, सख्ख्या बहिणीची, की तू खोटं बोलतोस.

त्यांनी तेवीसला हाक मारली. ओ, ओ, ओ, ओ. एका हजारांशाच्या आत.

दिवा न लागणारं, मुंग्या झालेलं मशीन ओ देतंय. म्हणजे दादा खोटा, नाहीतर ही ओ खोटी. दादाला त्या सेहेचाळीस वर्षं ओळखत होत्या, मशीनला दोन. बाई टेबलाखाली वाकल्या आणि आपल्याच कॉम्प्युटरच्या पाठीतून जगाकडे जाणारी वायर उपटून काढली. मग वर येऊन, केस सारखे करून, पहिल्यापासून हाका मारल्या. एक नंबर: ओ नाही. दोन: ओ नाही. सात, बारा, अठरा, सगळी मुकी. बरोबरच होतं, वायर त्यांच्या मांडीवर होती.

तेवीस: ओ, ओ, ओ, ओ.

मग त्यांनी पत्त्यांची यादी उघडली. पडद्यावर नेहमी फक्त केंद्राचा नंबर आणि वेळ दिसे, आतला पत्ता कधी कुणी पाहत नसे. तेवीसपुढे जो पत्ता होता तो डोंगरावरच्या मशीनचा नव्हताच. तो याच मशीनचा होता, बाईंच्या टेबलावरच्या. फोनच्या वहीत भावाच्या नावापुढे कुणी आपल्याच घराचा नंबर लिहून ठेवावा, तशातला प्रकार. दोन वर्षं बाई रोज सकाळी दादाला हाक मारत होत्या आणि त्यांचाच डबा त्यांना ओ देत होता.

हे कुणी केलं ते शोधावं लागलं नाही. हे मशीन दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मशीनांची जोडणी करणाऱ्या वायरवाल्याने बसवलं होतं. त्याला बोलावून विचारलं, तर त्याला सगळं नीट आठवत होतं. “त्या दिवशी तेवीस ओ देईना,” तो म्हणाला. “वादळ झालं होतं ना वर. तेवीसच्या तेवीस चालू दिसल्याशिवाय साहेब काम झाल्याची सही देईनात, आणि माझी शेवटची बस होती. म्हटलं आजच्यापुरतं असू दे, उद्या कुणीतरी बदलेल.”

“कोण बदलणार होतं?”

वायरवाल्याने यावर खराखुरा विचार केला. “ते नाही ठरलं,” तो म्हणाला.

आकडे गोळा करणारं खातं वरच्या मजल्यावर होतं. तेवीसचे पाण्याचे आकडे दोन वर्षं कुठून येत होते, हे बाईंनी तिथे जाऊन विचारलं. येतच नव्हते, असं कळलं. “तुमच्याकडे चालू आणि आमच्याकडे आकडे नाहीत, म्हणजे चूक आमचीच असणार,” तिथला कारकून म्हणाला. “आम्ही आपले मागच्या वर्षीचे लावतो.”

संध्याकाळी बाई तीन जिने चढल्या. आई दिव्याच्या बटणाशीच खुर्ची घेऊन बसली होती.

“दादाने ओ दिली का गं?”

बाई दारातच चपला न काढता उभ्या राहिल्या. खोटं बोलणं सोपं होतं, दोन वर्षांचा सराव होता. “नाही दिली,” त्या म्हणाल्या. “आज नाही, काल नाही, दोन वर्षांत एकदाही नाही.”

“मग कोण देत होतं?”

“मीच. मीच हाक मारत होते आणि माझंच मशीन ओ देत होतं.” आणि मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं, मुंग्या, किटली, अकरावं पत्र, पद रद्द झाल्याचा कागदसुद्धा. सांगताना जे रडू ऑफिसात राहून गेलं होतं ते आलं.

घरात अंधार झाला होता तरी आईने बटण दाबलं नाही.

“तरीच,” ती शेवटी म्हणाली. “दादा आणि पहिल्या हाकेला ओ? जेवायला बोलावलं तरी तीन हाका वाया जायच्या माझ्या. चौथीला ओ द्यायचा, तीही उपकार केल्यासारखी. दोन वर्षं माझ्या मनात येत होतं. म्हटलं, नोकरीने सुधारला असेल.” मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “नोकरी जायची का त्याची?”

“नाही जायची,” बाई म्हणाल्या. हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “बाई, अभिनंदनाचा कागद आलाय. वरच्यांना काय सांगू, की दोन वर्षं आपण स्वतःलाच हाका मारत होतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. आजपासून पत्ता बदला, उद्या लाल शाईने लिहा, प्रश्न मिटला.”

“पद तेवढ्याने वाचत नाही, साहेब. दोन वर्षं बिनतक्रार चालू, म्हणून रद्द झालंय. ती दोन वर्षं खोडावी लागतील.”

“खोडायची म्हणजे प्रत्येक नोंदीला कारण आणि वेगळी सही लागते. ठाऊक आहे ना? सहाशेच्या वर नोंदी आहेत. आणि मग ठपका माझ्यावर नाही येणार, सही तुमची आहे. मुख्य तपासनीस व्हायचं राहिलं समजा. कदाचित ही खुर्चीसुद्धा.”

“तुमच्या मुठीत काही नाहीये, साहेब,” बाई म्हणाल्या. “उघडली काय आणि झाकली काय.” एरवी त्या साहेबांशी असं बोलल्या नसत्या. त्या दिवशी बोलल्या आणि रजिस्टर काढायला बाहेर आल्या.

सहाशे अकरा नोंदी होत्या. बाईंनी त्या चार दिवसांत संपवल्या. निळ्या ‘चालू’वर एक आडवी रेघ, वर लाल शाईत ‘ओ नाही’, समासात कारण: ‘तपासनीसाने स्वतःस हाक मारल्यामुळे’, आणि पुढे सही. पहिल्या दिवशी लोक टेबलाशी येऊन पाहत. दुसऱ्या दिवशी हसत. तिसऱ्या दिवशी शिपायाने न सांगता लाल शाईची नवी बाटली आणून ठेवली. दोनशेच्या पुढे बाईंचा अंगठा बधिर झाला, चारशेच्या पुढे सही त्यांची वाटेनाशी झाली, पण एकही सुटली नाही. दुरुस्त केलेल्या पानांची प्रत त्यांनी वर पाठवली.

वरचं उत्तर आठ दिवसांत आलं, दोन कागदांत. पहिल्या कागदात बाईंना हलगर्जीपणाबद्दल ठपका होता आणि मुख्य तपासनीस म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तेवीस क्रमांकाचं मशीन दोन वर्षं नादुरुस्त असल्याचं आढळलं, नादुरुस्त मशीन बेवारस सोडता येत नाही, सबब रखवालदाराचं पद कायम. बाईंनी दोन्ही कागद वाचले आणि दुसरा घरी नेऊन आईला वाचून दाखवला. पहिल्याबद्दल आईने विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

दुरुस्तीला वायरवाल्यालाच पाठवायचं ठरलं. बाईंनी त्याच्याबरोबर दादाला द्यायला पत्र लिहायला घेतलं. ‘प्रिय दादा’च्या पुढे तीन वेळा गाडी अडली. शेवटी त्यांनी दुरुस्त केलेल्या सगळ्या पानांचा उतारा काढला, खाली सही केली आणि तोच पाकिटात घातला. दोन वर्षं त्याला उतारेच मिळत होते, आणखी एक.

“हे हातात द्यायचं,” त्यांनी वायरवाल्याला बजावलं. “आणि शेवटची बस चुकली तरी चालेल.”

त्यानंतर रोज सकाळी साडेआठला खऱ्या पत्त्यावर हाका जाऊ लागल्या. चार हाका, ओ नाही, लाल शाई, सही. दहा दिवस, बारा दिवस. वायरवाला पोहोचला असेल का, तबकडी सरळ होत असेल का, मुंग्या निघाल्या असतील का? आणि पाकीट उघडून दादा काय म्हणाला असेल? हे कशानेच कळत नव्हतं, कारण त्यांच्या कामात ‘आहेस का?’ एवढं सोडून बाकी सगळं विचारायला बंदी होती. संध्याकाळी आई विचारी आणि बाई नाही म्हणत. तरी आई दिवा लावी. अंधारात बाई पडू नयेत म्हणून, असं ती म्हणायची.

सोळाव्या दिवशी बावीस केंद्रं नेहमीसारखी झाली. बाईंनी लाल पेन उघडलं आणि तेवीसला हाक मारली.

पहिली वाया गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. बाईंनी ‘ओ’ हे अक्षर लिहिलंसुद्धा. मग पडद्याकडे पाहिलं, तर चौथ्या हाकेपुढे आकडा होता. एक हजार तीनशे चाळीस. सव्वा सेकंदाच्याही वर. इतकी उशिराची ओ या ऑफिसात आजवर कुठल्याच केंद्राने दिली नव्हती. तेवढं अंतर होतंच मुळी.

बाईंनी लाल ‘ओ’ खोडला, समासात कारण लिहिलं, सही केली, निळ्या शाईने ‘चालू’ लिहिलं, पुन्हा सही केली. मग टेबलावरचा फोन उचलून घरी लावला. खासगी कामाला तो वापरायचा नसतो.

“आई, दादाने ओ दिली.”

“कितव्या हाकेला?” आईने विचारलं.

“चौथ्या.”

“मग तोच आहे,” आई म्हणाली.